स्टॅन्ली स्पेन्सर आणि त्याची चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेन्सरचं एखादं चित्र शेअर केलं की तेच तेच प्रश्न येतात. हा कोण, येशू गावात काय करतोय, दोन बायकांचं प्रकरण काय आहे वगैरे. दर वेळी वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एकत्र टाकलंय. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हा स्टॅन्ली स्पेन्सर नक्की कोण?

इंग्लिश चित्रकार. जन्म ३० जून १८९१, मृत्यू १४ डिसेंबर १९५९. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये १९०८ ते १९१२ शिकला. तिथे हेन्री टाँक्स हे मास्तर होते आणि पॉल नॅश, मार्क गर्टलर, डोरा कॅरिंग्टन अशी पुढे नावाजलेली मंडळी त्याच काळात शिकत होती. विसाव्या शतकातल्या ब्रिटिश चित्रकलेत बायबलचे विषय इतक्या हट्टाने आणि इतक्या स्वतःच्या पद्धतीने दुसऱ्या कुणी रंगवलेले मला तरी माहीत नाहीत. शेवटच्या वर्षी, म्हणजे १९५९ मध्ये सर ही पदवी मिळाली. भाऊ गिल्बर्ट स्पेन्सर हाही चित्रकारच, त्यामुळे नेटवर दोघांची चित्रं कधीकधी एकमेकांच्या नावावर दिसतात, जरा बघून घ्या. आणि नाही, मार्क्स अँड स्पेन्सरशी काही संबंध नाही (हा प्रश्न खरंच येतो).

२. कुकम हे नाव सारखं का येतं?

कारण तो तिथला. लंडनच्या पश्चिमेला, बर्कशरमध्ये, थेम्स नदीच्या काठावरचं गाव. स्पेलिंग बघून लोक कुकहॅम लिहितात, बोलताना कुकम म्हणतात. मधल्या रस्त्यावरच्या फर्नली नावाच्या घरात तो जन्मला. वडील ऑर्गन वाजवायचे, संगीत शिकवायचे, आणि घरात बायबल मोठ्याने वाचायचे. स्लेडला असताना हा पठ्ठ्या रोज ट्रेनने गावाहून जाऊन येऊन करायचा, लंडनच्या पोरांसारखं तिथे राहिला नाही, म्हणून वर्गात त्याचं टोपणनावच कुकम पडलं. त्याच्या लेखी हे गाव म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्गच होता आणि हे तो अलंकारिक म्हणून बोलत नव्हता. बायबलमध्ये जे जे घडलं ते इथेच, या भिंतीपलीकडे, त्या माल्टच्या (बिअरसाठी लागणाऱ्या धान्याच्या) कोठारात घडलं असं त्याला लहानपणापासून वाटायचं आणि मोठा झाल्यावर त्याने तेच रंगवलं.

३. तो कॅथलिक होता का?

नाही. वडील चर्च ऑफ इंग्लंडकडचे, आई मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाची, गावातल्या त्यांच्या वेस्लियन चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनाघरात) जाणारी, त्यामुळे लहानपणी दोन्हीकडचं कानावर पडलं. मोठेपणी मात्र कुठल्याच चर्चच्या चौकटीत तो नीट बसत नाही. श्रद्धा गाढ, पण स्वतःची. देव सगळ्यात आहे आणि म्हणून कुठलीच गोष्ट घाण किंवा हलकी नाही, इथपर्यंत ती जाते, आणि इथूनच पुढच्या भानगडी सुरू होतात (प्रश्न १० ते १२).

४. मला बायबलमधलं काहीच माहीत नाही, चित्रं कळतील का?

कळतील. चार-पाच गोष्टी माहीत असल्या तरी पुरे. येशूचं शेवटचं भोजन, त्याला स्वतःचा क्रूस वाहून न्यायला लावला ती वाट, वधस्तंभावरचा मृत्यू, चाळीस दिवस त्याने अरण्यात काढले ती कथा, आणि पुनरुत्थान, म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेली सगळी माणसं थडग्यांतून उठणार ही श्रद्धा. यातली शेवटची गोष्ट स्पेन्सरला आयुष्यभर पुरली. तुमच्या गावात किंवा ओळखीत मराठी ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्यांच्याकडून मराठी शुभवर्तमान मागून घ्या, मूळ गोष्टी फार छोट्या आहेत, एका बैठकीत वाचून होतात.

५. येशू इंग्लिश गावात कसा काय? आणि तो जुना झगा, बाकीच्यांना शर्ट-पँट, हे काय?

युरोपात ही पद्धत जुनीच आहे. इटलीतल्या, नेदरलँड्समधल्या चित्रकारांनीही येशूला आपापल्या गावातच आणून बसवलं होतं आणि स्पेन्सरला जोत्तोसारखे सुरुवातीचे इटालियन चित्रकार प्रचंड आवडायचे. फरक असा की त्यांच्या चित्रात मोठेपणा येतो, याच्या चित्रात शेजारीपाजारी येतात.

१९२० चं ख्राइस्ट कॅरिंग द क्रॉस घ्या. येशू क्रूस घेऊन जातोय, आणि पाठीमागे दिसतंय ते स्पेन्सरचं स्वतःचं घर. शिड्या खांद्यावर टाकून चाललेले कामगार आहेत. घराच्या खिडक्यांतून लोक वाकून बघतायत आणि वाऱ्याने पडदे बाहेर उडालेत, ते बरोबर देवदूतांच्या पंखांसारखे दिसतात, पण आहेत पडदेच. क्रूस वाहणारा माणूस गर्दीत शोधावा लागतो. दुःखी चित्र नाहीच ते, कामावर निघालेल्या माणसाकडे बघावं तसं आहे.

त्याच वर्षीचं द लास्ट सपर बघा. जागा म्हणजे गावातलं माल्टचं कोठार, मागे लाल विटांची भिंत, आणि टेबलाखालून शिष्यांचे पाय समोर पसरलेले, दोन्ही बाजूंनी ओळीने पायच पाय. चेहऱ्यांपेक्षा आधी पायांकडे लक्ष जातं. मला वाटतं तेच त्याला हवं होतं.

६. हे आपल्या जनाबाईसारखंच झालं ना? विठ्ठल दळायला येतो तसं?

जवळचं आहे, आणि मराठी वाचकाला स्पेन्सर पटकन कळतो त्यामागे हेच असावं. दळण-कांडण, शेणी हे सगळं देवाचं काम, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. पण फार ताणू नका. जनाबाईच्या गोष्टीत देव मुद्दाम येतो, तिच्या भक्तीसाठी येतो. स्पेन्सरच्या चित्रात बहुतेक वेळा कुणी भक्ती करताना दिसतच नाही, लोक आपापली कामं करत असतात आणि देवाकडे त्यांचं लक्षही नसतं.

७. एकच चित्र बघायचं तर कुठलं?

द रिझरेक्शन, कुकम. १९२४ ते १९२७, जवळजवळ साडेपाच मीटर लांब आणि पावणेतीन मीटर उंच. ड्यूवीन नावाच्या बड्या कलाव्यापाऱ्याने १००० पौंडांना विकत घेऊन लंडनच्या टेट गॅलरीला दिलं आणि स्पेन्सर एकदम प्रसिद्ध झाला.

गावचं चर्च, चर्चची स्मशानभूमी, आणि सगळी थडगी उघडतायत. पण गडबड नाही, कर्णे नाहीत, नरक नाही, कुणाचा निवाडा चाललेला नाही. दुपारची झोप काढून उठल्यासारखे लोक आरामात बाहेर येतायत. कुणी थडग्याच्या कडेवर हात टेकून नुसता उभा, कुणी स्वतःच्याच दगडावरची अक्षरं वाचतोय. चर्चच्या दाराशी फुलांखाली येशू बसलाय, मांडीवर बाळं, जवळजवळ आईसारखा, आणि त्याच्या मागे पिता देव. डावीकडे वर थेम्स दिसते आणि उठलेली मंडळी बोटीतून सहलीला निघालीत. स्वर्गात जायचं तर तेही नेहमीच्याच बोटीने!

त्याची बायको हिल्डा यात एकापेक्षा जास्त वेळा आहे, कुठे वेलीने झाकलेल्या थडग्यावर आडवी, कुठे फूल हुंगताना. स्पेन्सर स्वतः मध्यभागी नागवा उभा आहे, आणि उजव्या कोपऱ्यात परत कपड्यांत, पडलेल्या दगडांवर पहुडलेला.

एक अडचणीची गोष्ट. यात कृष्णवर्णीय माणसांचा एक गट आहे, सुकलेल्या तापलेल्या मातीतून वर येणारा. सगळी मानवजात इथेच उठणार असं त्याला दाखवायचं होतं, पण बाकी सगळे ओळखीचे शेजारी आणि हे मात्र नावाशिवायचे लोक, कुठल्यातरी लांबच्या देशातले, हे आज बघताना खटकतं, आणि खटकलं तर त्यात तुमची काही चूक नाही.

८. पहिल्या महायुद्धात तो होता असं वाचलं, त्याचं चित्रांत काय झालं?

हे उत्तर मोठं आहे कारण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम इथे आहे.

१९१५ मध्ये तो आर्मी मेडिकल कोअरमध्ये गेला. आधी ब्रिस्टलच्या बोफर्ट वॉर हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉयचं काम. ही इमारत आधी मनोरुग्णालय होती. फरशी घासणं, चादरी बदलणं, चहाची भांडी भरणं, कपडे मोजणं, दिवसभर हेच. बारकुडा माणूस, कामाने पिचून गेला. तिथे डेझमंड च्यूट नावाचा एक तरुण कॅथलिक त्याला भेटायला यायचा, त्याने संत ऑगस्टिनचा एक विचार त्याला सांगितला की देव सतत कामात असतो आणि तरीही विश्रांतीत असतो, वाहतो, भरतो, सांभाळतो, पोसतो. स्पेन्सरने ते थेट आपल्या बादलीला आणि फडक्याला लावलं. आपण हे जे उचलतोय, भरतोय, धुतोय तेच तर हे! मग १९१६ मध्ये मॅसेडोनियाच्या आघाडीवर, आधी जखमींची ने-आण आणि नंतर रॉयल बर्कशर रेजिमेंटमध्ये प्रत्यक्ष सैनिक. १९१८ मध्ये त्याचा भाऊ सिडनी लढाईत मारला गेला.

पुढे बेरंड नावाच्या नवराबायकोने हॅम्पशरमधल्या बर्गक्लेअर गावात खास त्याच्या चित्रांसाठी चॅपल बांधलं. मिसेस बेरंडचा भाऊ, लेफ्टनंट हेन्री विलोबी सँडहॅम, मॅसेडोनियात लागलेल्या आजारपणाने वारला होता, त्याच्या स्मरणार्थ. म्हणून नाव सँडहॅम मेमोरियल चॅपल. स्पेन्सरने तिथे १९२७ ते १९३२ काम केलं. जोत्तोने इटलीतल्या पादुआत चॅपलच्या भिंती भरल्या तसं आपणही करायचं हे त्याच्या डोक्यात होतं. फक्त जोत्तोने येशूचं चरित्र रंगवलं आणि याने काय रंगवलं, तर लाँड्री, बिछाने, पावाचे ट्रे.

स्क्रबिंग द फ्लोअर या छोट्या पॅनेलजवळ थांबा. बॉम्बच्या धक्क्याने डोकं हललेला एक पेशंट जमिनीवर पूर्ण आडवा पडून फरशी घासतोय, आणि पावाचे ट्रे घेतलेले वॉर्डबॉय घाईत त्याच्या बाजूने निघालेत. तो माणूस उठणार नाही, त्याला उठायचं नाही, फरशी आणि तो एवढंच जग आहे. दया यावी असं काही चित्रकाराने केलेलं नाही, तरी येते.

समोरच्या पूर्ण भिंतीवर सैनिकांचं पुनरुत्थान आहे. मधोमध कोसळलेली खेचरं माना वळवून उठू बघतायत. मेलेले सैनिक जमिनीतून वर येऊन एकमेकांशी हात मिळवतायत, आणि प्रत्येकाच्या कबरीवरचा पांढरा लाकडी क्रूस उपटून हातात घेतलाय, तो जमा करायचाय. खाली सगळीकडे त्या क्रूसांचा ढीग. आणि येशू कुठे? बराच वर, मागे, लहानसा, बसून क्रूस परत घेतोय, सामान जमा करून घेणाऱ्या स्टोअरकीपरसारखा.

९. युद्धाच्या चॅपलमध्ये लढाई कुठेच कशी नाही?

बरोबर पकडलंत. कुणी कुणाला मारत नाहीये. अख्ख्या चॅपलमध्ये अधिकारी म्हणाल तर एकच, घोड्यावर बसून भलामोठा नकाशा बघणारा, आणि त्याच्या आजूबाजूला सैनिक आडवे पडून झुडपांवरची फळं तोडून खातायत. काही जण म्हणतात ही पळवाट आहे, युद्धाची भीषणता लपवली. मला ते पटत नाही. तो साधा शिपाई होता आणि साध्या शिपायाचं युद्ध बहुतेक वेळा बाटल्या भरणं आणि वाट बघणं असतं. शिवाय ते क्रूसांचे ढीग बघून झाल्यावर भीषणता कुठे लपली म्हणायचं?

१०. ते कचरेवाल्याचं चित्र आणि रॉयल अकॅडमीचं भांडण काय होतं?

चित्राचं नाव द डस्टमन ऑर द लव्हर्स, १९३४. कचरा गोळा करणाऱ्या जाड्याजुड्या माणसाला त्याच्या बायकोने बाळासारखं उचलून घेतलंय, रस्त्यातच, आणि भोवतालचे लोक कचऱ्यातूनच निघालेल्या वस्तू पूजेचं साहित्य धरावं तशा वर धरून उभे आहेत. चहाची किटली, जॅमचा रिकामा डबा, कोबीचे देठ. कचरा आणि पवित्र असे दोन वेगळे डबे त्याच्याकडे नव्हतेच.

रॉयल अकॅडमी म्हणजे लंडनमधली चित्रकारांची जुनी, वजनदार संस्था. १९३५ मध्ये तिच्या निवड समितीने हे आणि सेंट फ्रान्सिस अँड द बर्ड्स ही चित्रं प्रदर्शनात लावायला नकार दिला. सेंट फ्रान्सिसमध्ये संत म्हणजे ड्रेसिंग गाउनमधले फुगीर आजोबा आणि भोवती कोंबड्या-बदकं, आता मला सांगा हे चित्र नाकारायचं म्हणजे काय! स्पेन्सर १९३२ पासून अकॅडमीचा असोसिएट (सहसदस्य) होता, त्याने राजीनामा दिला. १९५० मध्ये परत घेतलं, आणि त्याच वर्षी अकॅडमीचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड मनिंग्ज यांनी त्याची काही खाजगी चित्रं अश्लील म्हणून पोलिसांपर्यंत नेली. खटला काही उभा राहिला नाही.

११. दोन बायकांचं प्रकरण खरं आहे का?

खरं आहे आणि वाईट आहे.

१९२५ मध्ये हिल्डा कार्लाइनशी लग्न, ती स्वतः उत्तम चित्रकार, ख्रिश्चन सायन्स पंथाची, श्रद्धेवरून दोघांचे तासन्‌तास वाद व्हायचे. दोन मुली, शिरीन आणि युनिटी. मग पॅट्रिशिया प्रीस. मे १९३७ मध्ये हिल्डाशी घटस्फोट पक्का झाला आणि चारच दिवसांनी त्याने पॅट्रिशियाशी लग्न केलं. पॅट्रिशिया आधीपासून डॉरथी हेपवर्थ या चित्रकर्तीबरोबर राहत होती आणि लग्नानंतरही तिच्याबरोबरच राहिली. संसार झालाच नाही. घर मात्र त्याने तिच्या नावावर करून दिलं होतं. (पॅट्रिशियाच्या नावाने प्रदर्शित होणारी चित्रं बहुतेक डॉरथीची होती हे नंतर उघड झालं, ती एक वेगळीच कादंबरी आहे.) दोघी बायका एकदमच आपल्या असाव्यात असं त्याचं म्हणणं होतं, हिल्डाने ते ऐकलं नाही. १९४२ मध्ये तिला मानसिक आजाराने गाठलं, १९५० मध्ये ती वारली. ती गेल्यावरही तो तिला लांबच लांब पत्रं लिहीत राहिला.

काही लोक म्हणतात कलावंत होता, चालायचंच. नाही चालत. हिल्डाने आणि मुलींनी जे सोसलं ते चित्र चांगलं निघालं म्हणून वसूल होत नाही. आणि दुसरी टोकाची मंडळी म्हणतात असा माणूस धार्मिक कसला. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात.

१२. एकीकडे येशू आणि एकीकडे न्यूड पेंटिंग, हे ढोंग नाही का?

ढोंग तेव्हा, जेव्हा माणूस एक लपवतो. याने काहीच लपवलं नाही, उलट जरा लपवलं असतं तर बरं असं त्याच्या घरच्यांना वाटलं असेल. प्रेम, शरीर आणि प्रार्थना या त्याच्या लेखी एकाच घरातल्या खोल्या होत्या, आणि कुकमच्या रस्त्यांसारखं, चर्चसारखं एक चित्रांनी भरलेलं भवन बांधून त्यात हे सगळं शेजारी शेजारी लावायचं असं स्वप्न तो वर्षानुवर्षं बघत होता. ते कधी बांधून झालं नाही.

१९३७ चं डबल न्यूड पोर्ट्रेट घ्या, ज्याला लोक लेग ऑफ मटन न्यूड म्हणतात. पॅट्रिशिया आडवी, तो तिच्याशेजारी उकिडवा, चष्मा घातलेला, मागे स्टोव्ह पेटलेला आणि अगदी पुढ्यात मटणाची कच्ची तंगडी. तिची नजर कुठेतरी भलतीकडेच. दोन शरीरं इतकी जवळ आणि इतकी लांब. हे चित्र बघून कुणाला मोह होईल असं वाटत नाही, गारठायला मात्र होतं. लोक याला त्याच्या धार्मिक चित्रांच्या विरुद्ध टोकाला ठेवतात, पण बघायची नजर तीच आहे, हॉस्पिटलातल्या बादलीकडे बघणारी (प्रश्न ८).

१३. जाडा येशू विंचवाकडे बघतोय ते चित्र त्याचंच का?

हो. ख्राइस्ट इन द विल्डरनेस ही मालिका. दोन्ही लग्नं मोडल्यावर, पैशांची ओढाताण असताना, लंडनच्या स्विस कॉटेज भागात एका खोलीत एकटा राहत असताना त्याने ती सुरू केली. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांची चाळीस चित्रं करायची होती, दहासुद्धा पूर्ण झाली नाहीत. आता ती ऑस्ट्रेलियात पर्थच्या आर्ट गॅलरी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियामध्ये आहेत.

द स्कॉर्पियनमध्ये येशू जमिनीवर बसलाय, ओंजळीत विंचू, आणि त्याच्याकडे बघतोय, बस. कन्सिडर द लिलीज मध्ये तर चक्क गुडघे आणि हात टेकून रांगत गवतातली डेझीची फुलं न्याहाळतोय, अंग असं अवजड की सगळा कॅनव्हास त्यानेच भरलाय. द हेन मध्ये कोंबडी आणि पिल्लांभोवती अंगाचं मुटकुळं करून पडलाय. मला विचाराल तर सँडहॅमनंतर हेच. इथे गाव नाही, शेजारी नाहीत, मागे गर्दी नाही, आणि तरी एकटेपणाची तक्रार पण नाही.

१४. दुसऱ्या महायुद्धात पण त्याने काम केलं का?

केलं. सरकारी युद्धचित्रकार म्हणून स्कॉटलंडच्या पोर्ट ग्लासगोला, लिथगो यांच्या जहाज बांधायच्या यार्डात. शिपबिल्डिंग ऑन द क्लाइड ही लांबच लांब पॅनेल्स, १९४० ते १९४६, आता इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहेत. वेल्डर, रिव्हेट ठोकणारे, दोरखंड ओढणारे, सगळे कामात बुडालेले. तिथेच टेकडीवरची स्मशानभूमी दिसली आणि परत पुनरुत्थानाची मालिका सुरू! त्यातल्या टायडीइंग नावाच्या चित्रात थडग्यातून उठलेली माणसं आधी स्वतःला आवरतायत, मग पुढचं.

१५. क्रूसावर खिळे ठोकणाऱ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या का?

हे १९५८ चं द क्रुसिफिक्शन. ऑल्डनम शाळेच्या चॅपलसाठी केलेलं. शाळेचा संबंध लंडनच्या ब्रुअर्स कंपनीशी, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या जुन्या संघाशी, म्हणून खिळे ठोकणाऱ्यांना त्याने ब्रुअरच्या टोप्या घातल्या. तोंडात खिळे धरून, सुताराने खिडकी बसवावी इतक्या मन लावून ते ठोकतायत. जागा कुकमचा मुख्य रस्ता, पाइप टाकायला खणून काढलेल्या मातीच्या ढिगांवर. आणि शाळेत जाऊन त्याने तोंडावर सांगितलं की आजही हे काम तुमचे गव्हर्नर (म्हणजे शाळेचा कारभार बघणारे) आणि तुम्ही करताच आहात. पैसे देणाऱ्याला असं बोलायला धमक लागते. १९२० च्या चित्रातला (प्रश्न ५) शांतपणा इथे अजिबात नाही, त्यामुळे स्पेन्सर म्हणजे नुसता गोड गोड गावचा चित्रकार असं कुणी म्हटलं की मी हे चित्र पाठवतो.

१६. मी जी. डी. आर्टला (चित्रकलेच्या डिप्लोमाला) आहे, स्पेन्सरचं टेक्निक काय होतं?

जुनं आणि शिस्तीचं. आधी पेन्सिलने छोटं ड्रॉइंग, त्यावर चौकटी, मग त्याच चौकटी कॅनव्हासवर आखून ड्रॉइंग मोठं करायचं, आपण ग्राफ करून मोठं करतो तसंच. मग एका बाजूने सुरुवात करून तुकडा तुकडा पूर्ण करत जायचं, पातळ ऑइल कलर, थरावर थर फारसे नाहीत, गिरवणं कमी. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर ख्राइस्ट प्रीचिंग ॲट कुकम रेगाटा (रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा मेळा) बघा. तो गेला तेव्हा ते अर्धवट राहिलं होतं, त्यामुळे एकीकडे रंगवून चकाचक झालेली माणसं आणि दुसरीकडे नुसत्या पेन्सिलच्या रेषा, सगळी प्रोसेस उघडी पडलीय. येशू त्यात नदीतल्या तराफ्यावर वेताच्या खुर्चीत बसून प्रवचन देतोय, डोक्यावर स्ट्रॉ हॅट.

१७. त्याची निसर्गचित्रं पण छान आहेत, त्यात धर्म आहे का?

तो स्वतः म्हणायचा पोटासाठी काढतो. घेणारे तीच मागायचे आणि त्याचा डीलर डडली टूथ यालाही तीच खपवायला सोपी जायची. जुन्या बाबागाडीत इझल आणि रंग घालून गावभर फिरायचा, बघ्यांनी त्रास देऊ नये म्हणून विनंतीची पाटी लावायचा. कुरकुर करत काढली असली तरी गवताचं पातं न पातं मन लावून काढलंय, त्यामुळे त्याच्या बोलण्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका.

१८. आपल्याकडच्या ख्रिस्ती चित्रकारांशी तुलना होते का?

दोन नावं घ्यायची. एक, एफ. एन. सूझा. गोव्यातल्या साळगावचा, जन्म १९२४, कॅथलिक घरातला, १९४९ मध्ये लंडनला गेला. त्याचं क्रुसिफिक्शन १९५९ चं, म्हणजे प्रश्न १५ मधल्या चित्रानंतर एकाच वर्षाने, आणि ते टेटकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा. स्पेन्सरचा राग ठोकणाऱ्यांवर आहे, सूझाचा थेट चर्चवर आणि देवावरच, काळ्या काटेरी रेषांत.

दुसरा अँजेलो दा फोन्सेका, १९०२ ते १९६७, गोव्याचाच, पण बरीच वर्षं पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. त्याची मरिया साडीत, येशू भारतीय. आपल्या मातीत बायबल आणायचं हे स्पेन्सरसारखंच, पण फोन्सेकाला त्यासाठी चर्चमधल्या लोकांची बोलणी खावी लागली, कारण इंग्लंडमध्ये गोरा येशू गावात आणणं आणि इथे त्याला सावळा करणं यात फार फरक आहे.

१९. ब्रिटनमध्ये असे आणखी कोण?

थोडक्यात सांगतो. डेव्हिड जोन्स, तोही पहिल्या महायुद्धातला सैनिक, नंतर कॅथलिक झाला, चित्रकार आणि कवी. ग्रॅहम सदरलंड, कॉव्हेंट्री कॅथीड्रलमधली येशूची अवाढव्य टॅपेस्ट्री (विणलेला भित्तीपट) त्याच्या डिझाइनची. क्रेगी एचिसन, वधस्तंभाच्या पायथ्याशी स्वतःचा कुत्रा बसवणारा. तिघांवर स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे.

२०. यूकेमध्ये राहतो, कुठे कुठे बघता येईल?

लंडनला टेट ब्रिटन, पण कुठलं चित्र सध्या भिंतीवर आहे ते वेबसाइटवर बघूनच निघा. कुकमला जायला पॅडिंग्टनहून मेडनहेड, तिथून मार्लोची छोटी लाइन. गावात स्टॅन्ली स्पेन्सर गॅलरी आहे, १९६२ मध्ये सुरू झालेली, ज्या वेस्लियन चॅपलमध्ये तो लहानपणी जायचा तिथेच. रेगाटाचं अर्धवट चित्र, द लास्ट सपर आणि ती बाबागाडी इथे बघायला मिळते. गॅलरी छोटी आहे, मग चर्चकडे आणि नदीकडे चालत जा, चित्रांतल्या बऱ्याच जागा अजून ओळखू येतात. सँडहॅम चॅपल न्यूबरीजवळ आहे, १९४७ पासून नॅशनल ट्रस्टकडे, तिथे गाडी असलेली बरी. उन्हाचा दिवस निवडा, आत चित्रं बाहेरून येणाऱ्या उजेडातच बघायची असतात, ढग असले की वरची पॅनेल्स नीट दिसत नाहीत. थंडीत उघडण्याच्या वेळा कमी असतात.

२१. त्याच्या चित्राची प्रिंट काढून विकली किंवा पुस्तकाच्या कव्हरवर टाकली तर चालेल का?

कुठल्या देशात यावर आहे. भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे स्पेन्सरच्या बाबतीत २०१९ संपताना तो संपला. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणजे २०२९ च्या अखेरपर्यंत लागू. त्यामुळे पुण्यात छापून पुण्यात विकणं वेगळं आणि तेच ऑनलाइन लंडनला पाठवणं वेगळं. शिवाय म्युझियमच्या साइटवरून उचललेल्या फोटोला त्यांच्या स्वतःच्या अटी असतात, त्या वाचा. पुस्तक बाहेरही विकायचं असेल तर आधी रीतसर परवानगी मागा, मेल करायला पैसे पडत नाहीत.